आरशांतली प्रत

स्ट्रासबुर्ग येथील ‘व्हिझिये’ या तारकासूचींच्या संग्रहाची हुबेहूब प्रत पुण्याच्या आयुका संस्थेनें आपल्या सर्व्हरवर ठेविली होती. अशा प्रतीस ‘मिरर’, म्हणजे आरसा, म्हणतात. दूरचें मूळ यंत्र बंद पडलें तरी जवळच्या प्रतीवर अभ्यास चालतो.

संगणकाच्या आज्ञावलींच्या भांडारांचेंहि तसेंच. लिनस टॉरव्हल्ड्स यांनीं २००५ सालीं रचिलेल्या ‘गिट’ प्रणालींत ‘क्लोन’ या आज्ञेस ‘मिरर’ हा शब्द जोडला कीं, सर्व शाखा व बदलांचा इतिहास सर्व्हरवर उतरतो. पुढें ठराविक वेळीं केवळ नवे बदल आणावयाचे. मात्र आरसा तो आरसाच! मुळांत कोणी शाखा पुसली आणि आरशांत छाटणीची सोय चालू असली, तर तेथूनहि ती नाहींशी होते. यास्तव दक्ष व्यवस्थापक तारीखवार निराळी प्रत ठेवतो. तिच्यापर्यंत रोजची आज्ञा पोहोंचतच नाहीं.