टाकून दिलेल्या द्रवाची साक्ष

मूत्रपिंडे निकामी झाली म्हणजे त्यांचे काम पोटातल्या एका पातळ पडद्याकडून करवून घेता येते. आतड्यांभोवतीचे उदरावरण ते हेच. पोटात नळीने सुमारे दोन लिटर साखरयुक्त द्रव सोडावयाचा, काही तास ठेवावयाचा व काढून टाकावयाचा. त्याबरोबर रक्तातील मळ जातो आणि साखरेच्या ओढीने अंगातले जादा पाणीही. पॉपोविच व मॉनक्रीफ यांनी १९७६ मध्ये ही रीत मांडली. रुग्ण ती घरीच करू शकतो.

परंतु पाणी ओढणारी ती साखरच वर्षानुवर्षांनी पडद्याला बाधते. पेशींचे अस्तर झडते, खाली तंतू माजतात, नव्या रक्तवाहिन्या फुटतात. मग साखर भराभर रक्तात शिरते आणि पाणी ओढावयास द्रवात काही उरत नाही. पाय सुजतात, घरची माणसे म्हणतात, ‘पाणी जास्त प्यालात!’ मग खरा दोष पडद्याचा की पाण्याचा, हे ठरवावयास पडद्याचा तुकडा काढावा लागेल काय? नाही. मोरीत ओतला जाणारा द्रवच पुष्कळ सांगतो.

१९८७ मध्ये ट्वार्डोव्स्की यांनी चार तासांची कसोटी सुचविली. द्रवातील क्रिएटिनिनला रक्तातील क्रिएटिनिनने भागावे (त्यासाठी एकदा सुई टोचावी लागते, एवढेच). भागाकार ०.८ च्या पुढे गेला तर पडदा ‘शीघ्र’. शीघ्र म्हणजे उत्तम, असे कोणी समजेल. पाणी काढण्याच्या कामी मात्र तो लंगडा पडतो.

मला अधिक बोलकी वाटते ती सोडियमची कसोटी. पडद्यातील केशवाहिन्यांच्या पेशींत केवळ पाण्यालाच वाट देणाऱ्या सूक्ष्म नलिका असतात. त्यांच्या शोधाबद्दल पीटर ॲग्रे यांना २००३ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. तीव्र साखरेचा द्रव सोडला की पहिल्या तासात या वाटेने निर्मळ पाणी येते, आणि द्रवातील सोडियमचे प्रमाण लिटरमागे निदान पाच मिलिमोलने उतरावयास हवे. उतरले नाही, तर पडदा तंतूंनी जखडत चालल्याची शंका घ्यावी.

तिसरा साक्षीदार सीए-१२५. हे प्रथिन अस्तराच्या पेशी सोडतात. ते घटत गेले म्हणजे अस्तर विरळ होत आहे. मात्र पोटात संसर्ग झाला की ते एकदम चढते, आणि माणसामाणसांत तफावतही फार. म्हणून एका आकड्यावर निकाल देऊ नये. त्याच रुग्णाचे मागचे आकडे शेजारी ठेवून तो वाचावा.

उतार वेळीच ध्यानात आला तर साखरेऐवजी काही वेळा आयकोडेक्स्ट्रिनचा द्रव योजता येतो, द्रव ठेवण्याचा काळ आखडता येतो. शिवाय यंत्रावरील डायलिसिससाठी हातातील शीर व धमनी जोडून ती पक्की होण्यास कित्येक आठवडे लागतात. तेवढी सवड मिळते.