‘दारू’ शब्दाचा अर्थविस्तार

जानेवारी २०२२ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने मोठ्या दुकानांतून वाइन विकण्यास मुभा देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा ‘वाइन ही दारू आहे काय?’ असा वाद उपस्थित झाला. वाद राजकीय होता. परंतु त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न अर्थविचाराचा आहे. प्रस्तुत टिपणात त्याच अंगाने त्याचा परामर्श घ्यावयाचा आहे.

‘दारू’ हा शब्द मराठीत फारसीतून आला. त्याचा मूळ अर्थ औषध. ‘दवादारू’ या जोडशब्दात तो अद्याप टिकून आहे. ‘दारूगोळा’, ‘शोभेची दारू’ या प्रयोगांत तोच शब्द स्फोटक चूर्णाचा वाचक होतो. संस्कृत ‘दारु’ म्हणजे लाकूड. ‘देवदार’ या नावात तो दिसतो. केवळ उच्चारसाम्यावरून मराठी शब्द त्यापासून साधणे युक्त नव्हे. तथापि मध्य-फारसी ‘दारूग’, म्हणजे वनौषधी, याचा संबंध वृक्षवाचक ‘दार’शी जोडला जातो. तो ग्राह्य धरल्यास या दोन शब्दांचे नाते बहिणींचे ठरेल, मायलेकींचे नव्हे.

१९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात असलेल्या हिंगोलीसारख्या प्रदेशात फारसी-उर्दू राज्यव्यवहाराचा सहवास दीर्घकाळ होता. ‘आबकारी’ हा शब्द फारसी. ‘शराब’ व ‘सरबत’ हे दोन्ही ‘पिणे’ या अर्थाच्या एकाच अरबी धातूपासून झालेले. याउलट ‘ताडी’ व ‘शिंदी’ ही नावे झाडांवरून पडली. ‘मोह’ हा संस्कृत ‘मधूक’चा वंशज. इंग्रजीतील ‘टॉडी’ हा शब्द तर आपल्या ‘ताडी’चाच अवतार होय.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. द्राक्षरसातील शर्करेचे किण्वामुळे मद्यार्कात रूपांतर झाले की वाइन होते. तीत ऊर्ध्वपातन नसते. मोहफुलांची दारू मात्र आंबवणानंतर ऊर्ध्वपातनाने काढतात. मद्यार्क सुमारे ७८ अंश सेल्सिअसला उकळतो, म्हणजे पाण्याच्या आधी; म्हणून त्याची वाफ वेगळी धरता येते. ‘दारू’ म्हणजे केवळ ऊर्ध्वपातित मद्य, असा संकुचित अर्थ घेतल्यास वाइन वगळली जाते. पण मग ताडीही वगळावी लागते. मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ याच्या व्याख्येत तर स्पिरिट, वाइन, बिअर व ताडी या सर्वांचा समावेश आहे.

सारांश, एकच शब्द जातिवाचक व विशेषवाचक अशा दोन्ही अर्थांनी वापरला जातो. वादी एक अर्थ धरतो, प्रतिवादी दुसरा. आणि दोघांनाही आपण वस्तूविषयी बोलत आहोत असे वाटते. अशा ठिकाणी प्रथम अर्थ निश्चित करणे, हेच भाषाभ्यासकाचे कर्तव्य होय.