जुन्या स्विचवर व्हीलॅन : बिलिंग, कॅमेरे आणि पाहुण्यांचं वाय-फाय वेगळं करा



समजा, अक्कलकोट रोड एमआयडीसीत तुमचं टॉवेलचं छोटं युनिट आहे. ऑफिसात बिलिंगचे तीन कॉम्प्युटर, लूमच्या शेडमध्ये कॅमेरे. माल बघायला आलेला बाहेरगावचा व्यापारी चहा यायच्या आधी विचारतो, "वाय-फायचा पासवर्ड काय?" तुम्ही देता. झालं! त्याचा लॅपटॉप आणि तुमची जीएसटीची, उधारीची सगळी माहिती आता एकाच नेटवर्कवर. माणूस चांगलाच असेल हो, पण त्याच्या लॅपटॉपमधला व्हायरस परवानगी विचारून येत नाही.

यावर उपाय म्हणजे व्हीलॅन, म्हणजेच व्हर्च्युअल लॅन. शेत एकच, पण मध्ये बांध घालून आपण वाटे पाडतो ना? तसंच. स्विच एकच, पण त्याच्या पोर्टचे गट वेगळे. एका गटातलं दुसऱ्या गटात थेट जात नाही.

नवीन स्विच घ्यावाच लागतो का?

नाही. सेकंड-हँड मॅनेज्ड स्विचही चालतो. फक्त त्याच्या माहितीत '८०२.१क्यू' लिहिलंय का ते बघा. हे स्टँडर्ड १९९८ सालचं आहे, त्यामुळे बऱ्याच जुन्या मॅनेज्ड स्विचमध्ये ते मिळतं. साध्या अनमॅनेज्ड स्विचवर मात्र हे जमणार नाही.

आधी कागदावर आखा (२४ पोर्टचा स्विच)

- व्हीलॅन १० : बिलिंग, पोर्ट १ ते ८
- व्हीलॅन २० : कॅमेरे आणि त्यांचा रेकॉर्डर, पोर्ट ९ ते १६
- व्हीलॅन ३० : पाहुण्यांचं वाय-फाय, पोर्ट १७ ते २०
- पोर्ट २३ : सेटिंग करायला, मूळ व्हीलॅन १ मध्येच
- पोर्ट २४ : राउटरकडे जाणारी वायर

आता सेटिंग

१. स्विच फॅक्टरी रीसेट करा. आधीच्या मालकाचं सेटिंग आणि पासवर्ड दोन्ही जातील. लॅपटॉप पोर्ट २३ ला लावा, सेटिंगचं पान उघडा आणि पासवर्ड लगेच बदला.

२. १०, २० आणि ३० हे तीन व्हीलॅन तयार करा.

३. प्रत्येक पोर्ट आपापल्या व्हीलॅनमध्ये 'अनटॅग्ड' ठेवा आणि व्हीलॅन १ मधून काढा. त्याच पोर्टचा पीव्हीआयडी तोच नंबर करा. पोर्टवर आत येणारा डेटा कोणत्या गटाचा, हे पीव्हीआयडी ठरवतो. तो बदलायचा राहिला की "सगळं केलं तरी नेट येत नाही" अशी रड सुरू होते.

४. पोर्ट २४ तिन्ही व्हीलॅनमध्ये 'टॅग्ड' ठेवा. एकाच वायरवरून तिघांचा डेटा जातो, म्हणून प्रत्येकावर नंबराची चिठ्ठी लागते. तीच टॅग.

५. 'सेव्ह' करा. बऱ्याच जुन्या स्विचमध्ये 'अप्लाय' वेगळं आणि कायमचं 'सेव्ह' वेगळं असतं. सेव्ह केलं नाही तर लाईट गेली की सगळं पहिल्यासारखं!

राउटरचं काय?

इथे नीट लक्ष द्या. स्विच फक्त बांध घालतो. कुठलं पाणी कुठे सोडायचं हे राउटर ठरवतो. म्हणून राउटरलाही व्हीलॅन समजायला हवेत. इंटरनेट कनेक्शनबरोबर मिळालेल्या साध्या राउटरमध्ये ही सोय अनेकदा नसते, त्यामुळे स्विच घ्यायच्या आधीच तपासा. राउटरवर तेच तीन नंबर तयार करा, प्रत्येकाला वेगळी आयपी रेंज द्या, आणि ३० मधून १० व २० कडे जायला फायरवॉलमध्ये बंदी घाला. कॅमेऱ्यांच्या २० मधूनही १० कडचा रस्ता बंद करा. बंदी घातली नाही तर राउटरच एका गटातून दुसऱ्या गटात वाट करून देऊ शकतो.

खात्री करा

लॅपटॉप पोर्ट २ ला लावून बिलिंगच्या कॉम्प्युटरचा शेअर फोल्डर उघडा. उघडला पाहिजे. मग तोच लॅपटॉप पोर्ट १८ ला लावा आणि त्या कॉम्प्युटरचा आयपी टाकून फोल्डर उघडून बघा. इंटरनेट चालायला हवं, पण फोल्डर उघडता कामा नये. दोन्ही जमलं तरच काम झालं.

जुन्या स्विचला कंपनीचे सुरक्षा अपडेट बहुधा बंद झालेले असतात. म्हणून त्याचं सेटिंगचं पान इंटरनेटवरून उघडेल असं कधीही ठेवू नका. शेडमधली कापसाची धूळ पंख्यात अडकते, तीही अधूनमधून साफ करा. बॅकअप वेगळा घ्यायचाच. व्हीलॅन हा काही त्याला पर्याय नाही.

शेवटी पोर्टचा तक्ता छापून स्विचशेजारी चिकटवा. उद्या वायरमन नवीन कॅमेरा बसवायला आला, तर तो सवयीने रिकामं दिसेल त्या पोर्टमध्ये वायर खुपसेल. तक्ता समोर असला, की तुम्ही गावाला गेला असलात तरी कॅमेरा बिलिंगच्या वाट्यात जाणार नाही.