बायोटिन-अंकित प्रथिनांचा शोध व मापन : प्रतिपिंडांची उपयुक्तता

प्रथिनाचा माग काढण्यासाठी त्यास बायोटिन जोडण्याची पद्धत जीवरसायनशास्त्रात रुळलेली आहे. ब-गटातील या जीवनसत्त्वाचा रेणू जेमतेम २४४ डाल्टनचा. त्यामुळे प्रथिनाच्या कार्यास सहसा बाधा येत नाही. असे अंकित प्रथिन शोधावयाचे म्हटले की प्रथम स्ट्रेप्टॲव्हिडिन आठवते. त्याचा बायोटिनशी होणारा बंध निसर्गातील अत्यंत बळकट असहसंयुज बंधांपैकी एक होय. प्रतिपिंडाची पकड त्या मानाने कितीतरी सैल. मग प्रतिपिंड हवेत कशाला?

प्रस्तुत लेखकाच्या मते हा सैलपणाच त्यांचा गुण आहे. स्ट्रेप्टॲव्हिडिनने धरलेले प्रथिन सोडविण्यास उकळण्यासारखे कठोर उपाय योजावे लागतात. प्रतिपिंड मात्र सौम्य आम्लातही पकड सोडतो. त्यामुळे प्रथिनांचे आधी ट्रिप्सिनने तुकडे करून त्यांतील केवळ बायोटिनयुक्त तुकडे वेचता येतात आणि बायोटिन नेमके कोणत्या अमिनो आम्लावर बसले आहे हे वस्तुमान-वर्णपटमापनाने कळते. २०१७ मध्ये ‘नेचर मेथड्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात या मार्गाने १,६०० हून अधिक स्थाने आढळली, अखंड प्रथिने स्ट्रेप्टॲव्हिडिनने वेचण्याच्या रीतीपेक्षा ही संख्या तिसाहून अधिक पटींनी मोठी होती.

अशी उपकरणे पवईच्या आय.आय.टी.सारख्या संस्थांत असतात. उपनगरांतील पदवी महाविद्यालयांची मजल बहुधा वेस्टर्न ब्लॉट व एलायझापर्यंत. तेथे एक फसगत ठरलेली. पेशींत मुळातच बायोटिन धारण करणारी कार्बोक्सिलेज विकरे असतात. त्यांचे पट्टे सुमारे ७५ व १३० किलोडाल्टनपाशी उमटतात आणि विद्यार्थी त्यांनाच यश समजतो. म्हणून अनंकित नमुना शेजारी हवाच. ब्लॉट झाकण्यासाठी दुधाची भुकटीही टाळलेली बरी, कारण दुधात बायोटिन असते.

मापनात अडचण निराळी. प्रथिनाच्या घडीत दडलेल्या बायोटिनपर्यंत दीडशे किलोडाल्टनचा प्रतिपिंड पोहोचत नाही. सबब प्रमाण-वक्रासाठी तेच प्रथिन, तशाच रीतीने अंकित केलेले, घ्यावे. मुक्त बायोटिन डायालिसिसने काढून टाकावे, अन्यथा ते प्रतिपिंडाच्या जागा अडवते.

मुक्त बायोटिनचा उपद्रव रुग्णालयांतही जाणवला आहे. अंधेरी-घाटकोपरच्या औषधांच्या दुकानांतही केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या मिळतात. अशा गोळ्यांच्या मोठ्या मात्रेमुळे बायोटिन-स्ट्रेप्टॲव्हिडिन जोडीवर आधारित रक्तचाचण्या चुकू शकतात, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ मध्ये दिला. हृदयविकाराचे निदान करणाऱ्या ट्रोपोनिनचे प्रमाण खोटेच कमी दिसून एक रुग्ण दगावल्याची नोंद त्यात होती. रक्तद्रव वापरून एलायझा शिकविताना रक्तदात्यास या गोळ्यांविषयी विचारून घेणे त्यामुळे आवश्यक ठरते.