हजेरीपट आणि फ्लूची साथ

जुलैत सर आली की वर्गातल्या खिडक्या पटापट लावल्या जातात आणि पन्नास-साठ मुलांचा श्वास एका खोलीत कोंडतो. बाकावर तिघं खांद्याला खांदा लावून बसलेली असतात. एकाला खोकला येतो, तो तळहात तोंडावर धरतो आणि त्याच हाताने शेजाऱ्याचा खोडरबर घेतो. मधल्या सुट्टीत नळावर गर्दी होते, साबण असलाच तर तो संपायला आलेला असतो आणि घंटा झाली की निम्मी मुलं हात न धुताच डबा उघडतात. आपल्याकडे फ्लू पावसाळ्यात बळावतो, म्हणजे शाळा नुकत्याच भरू लागलेल्या असतात तेव्हा. ही साखळी तोडायचे उपाय सर्वांना माहीत आहेत. पण त्यांतला सर्वांत परिणामकारक उपाय शाळा स्वतःच हाणून पाडते, आणि तेही हजेरीच्या आग्रहापायी. तापलेलं मूल घरी राहणं हा तो उपाय.

फ्लूचा विषाणू शरीरात शिरल्यावर एक ते चार दिवसांत लक्षणं दिसतात. लक्षणांच्या साधारण एक दिवस आधीपासून पुढे पाच ते सात दिवस संसर्ग पसरू शकतो, लहान मुलांकडून त्याहूनही जास्त काळ. आजाराचे पहिले तीन-चार दिवस सर्वांत धोक्याचे. म्हणूनच तापाचं औषध न घेता ताप उतरल्यावर किमान २४ तास मुलाला शाळेत पाठवू नये, असं डॉक्टर सांगतात. प्रत्यक्षात सकाळी पॅरासिटामॉल पाजून मुलाला पाठवलं जातं. दुपारी औषधाचा असर ओसरतो आणि ताप वर्गातच चढतो. यात पालकांच्या बेफिकिरीपेक्षा शाळेच्या शिस्तीचा वाटा मोठा आहे. स्नेहसंमेलनात शंभर टक्के हजेरीचं बक्षीस देणारी, चुकलेली चाचणी पुन्हा न घेणारी शाळा ‘आजारी असलास तरी ये’ हेच शिकवत असते.

लक्षणांआधीच संसर्ग होत असेल तर मुलाला घरी ठेवून काय उपयोग, अशी शंका येते. घरी ठेवल्याने संसर्ग पूर्ण थांबत नाही, हे खरं. पण विषाणू सर्वाधिक बाहेर पडतो ते दिवस वर्गाबाहेर गेले, तर आजारी पडणाऱ्यांची संख्या घटते, आणि साथ आवाक्यात येते ती अशीच. मग सरसकट लस का देऊ नये? दरवर्षीची लस उत्तम संरक्षण आहेच, पण ती आपल्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात नाही. बहुतेक पालकांना ती पदरचे पैसे खर्चून घ्यावी लागते, आणि तिचा परिणाम दिसायलाही सुमारे दोन आठवडे लागतात. सर्वांत वजनदार आक्षेप गरीब घरांचा आहे. आई-वडील दोघंही रोजंदारीवर असतील तर मूल घरी कोणाजवळ ठेवायचं? शाळेतली खिचडीही बुडते. या अडचणीला उपदेशाने उत्तर देता येत नाही. अशा मुलासाठी शाळेत हवेशीर, वेगळी जागा, तोंडाला मास्क आणि त्याचं जेवण तिथेच देण्याची सोय हवी. घरी राहिलेल्याचा आहार आणि अभ्यास भावंडांकरवी पोचवता येईल.

३ ऑगस्ट २००९ रोजी पुण्यात एक शाळकरी मुलगी स्वाइन फ्लूने गेली. देशातला तो या आजाराचा पहिला मृत्यू होता. त्यानंतर पुण्या-मुंबईतल्या शाळा काही दिवस बंद ठेवाव्या लागल्या. शाळाबंदी हा अगदी शेवटचा उपाय, कारण त्यात निरोगी मुलांचंही शिक्षण बुडतं. ती वेळ टाळायची तर रोजची हजेरी घेणाऱ्या वर्गशिक्षकांना अधिकार द्यायला हवा: तापाची गैरहजेरी वेगळ्या खुणेने नोंदवावी, ती बक्षिसाच्या आणि चाचणीच्या आड येऊ देऊ नये, आणि एका वर्गात अशा खुणा वाढल्या की त्याच दिवशी मुख्याध्यापकांना आणि आरोग्य केंद्राला कळवावं. समोरासमोरच्या खिडक्या थोड्या उघड्या ठेवणं, नळावर साबण असणं आणि वीस सेकंद हात चोळण्याइतकी सवड देणं यालाही फारसा खर्च येत नाही. हजेरीपट तर प्रत्येक वर्गात रोज उघडतोच. गैरहजर मुलाला दोषी धरण्याऐवजी त्याची नोंद उरलेल्या वर्गाच्या रक्षणासाठी वापरायची, एवढा निर्णय शाळेने जूनमध्येच घ्यायला हवा.