राणीमाशी घर सोडते तेव्हा

राणीमाशी अंडी घालते तेव्हा मधमाश्यांची संख्या वाढते. वसाहतींची संख्या मात्र एका वसाहतीच्या दोन झाल्यावरच वाढते. हे विभाजन करण्यासाठी जुनी राणी निम्म्याहून अधिक कामकरी माश्यांसह घर सोडून जाते, आणि याला थवा निघणे असे म्हणतात. सह्याद्रीच्या पट्ट्यात परसदारी पेटीत पाळली जाते ती सातेरी मधमाशी थवे सोडण्याबाबत विशेष उत्साही आहे, त्यामुळे ही प्रक्रिया जवळून पाहण्याची संधी तिच्या पालकाला वारंवार मिळते. मात्र थवा निघणे आणि पेटी सोडून पळून जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, कारण अन्नटंचाई, मुंग्या किंवा मेणकीडा यांना कंटाळलेली सातेरी वसाहत सगळीच्या सगळी निघून जाते, तर थवा निघतो तो भरभराटीतून.

फुलोरा सुरू होऊन पेटीत माश्यांची दाटी झाली, की राणीच्या अंगचा गंध प्रत्येक माशीपर्यंत पुरेसा पोहोचेनासा होतो आणि कामकरी माश्या नव्या राण्यांच्या तयारीला लागतात. त्याआधी नरांची पैदास वाढलेली असते. सातेरीच्या नरकोठ्यांच्या झाकणाला मधोमध बारीक छिद्र असल्यामुळे त्या सहज ओळखता येतात. पुढे पोळ्याच्या खालच्या कडेला भुईमुगाच्या शेंगेसारखी, तोंड खाली असलेली राणीघरे लटकू लागतात. त्यांतील अळ्यांना कामकरी माश्यांच्या ग्रंथींतून स्रवणारे रॉयल जेली हे अन्न अखेरपर्यंत भरवले जाते. दरम्यान जुन्या राणीचा आहार घटतो, तिचे अंडी घालणे मंदावते आणि ती उडण्याइतकी हलकी होते. पहिले राणीघर बंद होण्याच्या सुमारास, स्वच्छ उन्हाच्या दिवशी, पोटात मध भरून घेतलेल्या माश्या दारातून लोटासारख्या बाहेर पडतात आणि जवळच्या फांदीवर राणीभोवती घोस धरून बसतात.

या घोसाविषयीचे सर्वांत विलक्षण ज्ञान 1949 साली म्युनिकमध्ये हाती लागले. मधमाश्यांच्या नृत्यभाषेचे संशोधक कार्ल फॉन फ्रिश यांचे शिष्य मार्टिन लिंडाउअर यांना घोसावर नाचणाऱ्या काही माश्या काजळीने, तर काही विटांच्या भुकटीने माखलेल्या दिसल्या. त्या अन्नाच्या नव्हे, तर घराच्या शोधात हिंडून आल्या होत्या आणि सापडलेल्या जागेची दिशा व अंतर नृत्यातून सांगत होत्या. पुढे अमेरिकेत टॉमस सीली व त्यांच्या सहकाऱ्यांनी मेन राज्याच्या किनाऱ्याजवळील ॲपलडोर या झाडे विरळ असलेल्या बेटावर पेट्या ठेवून प्रयोग केले, तेव्हा युरोपीय मधमाशी सुमारे 40 लिटरची पोकळी पसंत करते असे आढळले. चांगल्या जागेसाठी शोधक माशी जास्त वेळ नाचते, त्यामुळे तिच्या बाजूला अधिक माश्या येतात. पण दर फेरीला प्रत्येकीचे नाचणे कमी होत जात असल्याने हलक्या जागांचा आग्रह आपोआप विरतो. एखाद्या जागेवर पुरेशा शोधक जमल्या, की त्या घोसात परतून तीक्ष्ण आवाजाने इशारा देतात, मग इतर माश्या स्नायू 35 अंश सेल्सियसपर्यंत तापवतात आणि सारा थवा उडतो. राणीचा या निवडीत काहीही भाग नसतो, आणि तिला वसाहतीची शासनकर्ती मानणाऱ्या रूढ समजुतीला याहून स्पष्ट उत्तर नाही.

राखायला घर नसल्याने आणि पोट भरलेले असल्याने सातेरीचा घोस सहसा शांत असतो; अशा वेळी धूर, रॉकेल किंवा दगड वापरणे हा निव्वळ अज्ञानातून घडणारा संहार आहे. आग्यामाशीचा घोस मात्र वेगळा आणि धोकादायक असल्याने ओळख पटल्याशिवाय कोणत्याही घोसाजवळ जाऊ नये.

मागे राहिलेल्या पेटीत थोड्याच दिवसांत पहिली नवी राणी बाहेर येते. कामकरी माश्यांनी आणखी थवे सोडायचे नाहीत असे ठरवले, तर ती इतर राणीघरे नष्ट करू शकते. अन्यथा तीही एका लहान थव्यासह निघून जाते. जी राणी राहते ती उंच हवेत अनेक नरांशी समागम करून परतते. दाराची खूण लक्षात ठेवूनच ती परतत असल्यामुळे त्या काळात पेटी जागेवरून हलवू नये आणि दुपारी उघडू नये. साधारण तीन आठवड्यांनी पोळ्यात ताजी अंडी दिसतात का, एवढेच पाहावे.