आच बंद केल्यावर शिजणारी डाळ

अन्न शिजवायचे तर आच शेवटपर्यंत चालू ठेवावी लागते, ही समजूत स्वयंपाकघरांत इतकी खोल रुजलेली आहे की उकळी आलेले भांडे गॅसवरून उतरवून उष्णतारोधक पेटीत ठेवण्याची रीत कोणी सुचवली, तर ‘डाळ कच्चीच राहील’ हे उत्तर ठरलेले असते. उष्णतारोधक पेटी म्हणजे पेंढा, भाताचे तूस, कापूस, जुन्या गोधड्या किंवा थर्मोकोल असा उष्णता सहज बाहेर न जाऊ देणारा पदार्थ चारही बाजूंनी, तळाशी आणि झाकणावर भरलेली पेटी. तिच्यात उकळते भांडे ठेवले की पुढचे शिजणे भांड्यात साठलेल्या उष्णतेवरच होते. हे घडते यात शंका घेण्याजोगे काही नाही; तरीही वरचे उत्तर वर्षानुवर्षे तसेच दिले जाते, म्हणून ते मुळापासून तपासणे भाग आहे.

अन्नाला ज्योत दिसत नाही, त्याला फक्त भोवतालच्या पाण्याचे तापमान जाणवते, आणि उघड्या किंवा साध्या झाकणाच्या भांड्यातले पाणी समुद्रसपाटीजवळ १०० अंश सेल्सिअसच्या वर जात नाही, मग खालची आच कितीही मोठी असो. याचा पुरावा रायगड जिल्ह्यातल्या कळंबोलीच्या दारातूनच निघणाऱ्या रस्त्यावर मिळतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग कळंबोलीपासून सुरू होऊन घाट चढतो. समुद्रसपाटीला लागून असलेल्या कळंबोलीत पाणी १०० अंशांना उकळते, सुमारे सव्वासहाशे मीटर उंचीवरच्या लोणावळ्यात ते ९८ अंशांच्या आसपास उकळते, आणि महाबळेश्वरच्या उंचीवर तर ९५-९६ अंशांनाच. तीच डाळ, तोच गॅस, तेवढीच आच असूनही वर जाताना शिजायला अधिक वेळ लागतो. आच शिजवत असती तर असे झाले नसते. उलट बाजूने, प्रेशर कुकरमध्ये डाळ लवकर शिजते तीही आच मोठी असते म्हणून नव्हे, तर आतला दाब वाढल्याने पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत तापू शकते म्हणून.

मग उकळी आल्यानंतर चालू ठेवलेला गॅस जातो कुठे? भांड्याच्या बाजूंनी होणारी गळती भरून काढण्यात काही भाग जातो, आणि उरलेला जवळजवळ सगळा पाण्याची वाफ करण्यात. एका लिटर पाण्याला ३० अंशांवरून १०० अंशांवर आणण्यासाठी सुमारे २९३ किलोज्यूल उष्णता लागते, पण तेच पाणी तापमान तिळमात्र न वाढता पूर्ण वाफेत बदलण्यासाठी सुमारे २,२५७ किलोज्यूल, म्हणजे पावणेआठ पट, लागते. या दुसऱ्या उष्णतेला अप्रकट उष्णता म्हणतात, कारण ती दिली तरी तापमापीचा पारा हलत नाही. हिशेब गॅसमध्ये मांडला तर चित्र आणखी स्पष्ट होते. एक किलो एलपीजीतून सुमारे ४६ मेगाज्यूल उष्णता मिळते. घरगुती शेगडीची कार्यक्षमता भारतीय मानकाप्रमाणे किमान ६८ टक्के असावी लागते, परंतु रोजच्या वापरात ती ६० टक्केच धरली, तर एक लिटर पाणी उकळीपर्यंत नेण्यास साडेदहा ग्रॅम गॅस पुरतो, तर त्यानंतर खळखळ उकळत ठेवून अर्धा लिटर पाणी आटवले की सुमारे ४१ ग्रॅम गॅस खर्च होतो. ही वाफ डाळीला शिजवत नाही. ती स्वयंपाकघराच्या भिंती ओल्या करते आणि कळंबोलीतल्या सिडको वसाहतीच्या लहान घरांमध्ये आधीच असह्य असलेला उकाडा वाढवते.

शिजणे म्हणजे काय, हेही येथे सांगायला हवे. तांदळातला आणि डाळीतला स्टार्च पाणी शोषून फुगतो आणि मऊ होतो, ती क्रिया साधारण ६५ ते ८० अंशांच्या दरम्यान होते. डाळीच्या पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवणारे पेक्टिन सुटायला मात्र ८५ अंशांच्या वरचे तापमान काही काळ लागते. मटणातले चिवट कोलॅजन ७० अंशांच्या पुढे सावकाश विरघळते. म्हणजे १०० अंश ही शिजण्याची अट नाही. नीट बांधलेल्या पेटीत दोन-तीन लिटर अन्नाचे भांडे ताशी साधारण पाच ते दहा अंशांनी थंड होते, त्यामुळे पेक्टिनला लागणारा काळ सहज मिळतो. अर्धा तास भिजवलेली तूरडाळ आधणात टाकून दहा मिनिटे उकळली आणि झाकणासह पेटीत ठेवली, तर तास-दीड तासात ती घोटण्याजोगी होते.

रायगड जिल्ह्यात ज्याचे अप्रूप आहे, त्या वालाच्या बिरड्याला तर पेटी गॅसपेक्षा अधिक मानवते. मोड आणून सोललेल्या डाळिंब्या जोराच्या उकळीत एकमेकींवर आपटून फुटतात, आणि रश्शात नुसता लगदा उरतो. हे फुटणे उष्णतेमुळे होत नसून बुडबुड्यांच्या घुसळणीमुळे होते. पेटीत घुसळणच नसल्याने डाळिंबी अखंड राहते आणि आतून लोण्यासारखी मऊ होते. आमसूल मात्र शेवटी, दाणा मऊ झाल्यावर घालावे, कारण आंबटपणामुळे पेक्टिन सुटत नाही आणि दाणे टणक राहतात. पेटीवर कच्चेपणाचा जो ठपका येतो, तो पुष्कळदा अगोदर घातलेल्या चिंचेचा किंवा टोमॅटोचा असतो.

हा विषय परदेशी लहर असल्याचे म्हणणेही चूक आहे. १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात नॉर्वेच्या योहान सोरेनसेन यांची अशी पेटी मांडली गेली हे खरे. पण १९१० मध्ये इंदुमाधव मल्लिक यांनी कलकत्त्यात इकमिक कुकर तयार केला, ज्यात थोड्याशा कोळशावर एकावर एक ठेवलेल्या डब्यांत अख्खे जेवण वाफेवर शिजते, आणि पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांनी स्थापन केलेल्या अप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूटने, म्हणजे ‘आरती’ने, त्याच तत्त्वावरचा सराई कुकर प्रचारात आणला, ज्याला चार-पाच माणसांच्या जेवणासाठी सुमारे १०० ग्रॅम कोळशाच्या कांड्या पुरतात. हे दोन्ही कुकर मंद निखाऱ्यावर चालतात, पेटीत निखाराही नसतो. पण उष्णता बाहेर न सोडण्याचा विचार तिन्हींत एकच आहे. मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीतील ज्येष्ठराज जोशी, अनिरुद्ध पंडित आणि सहकाऱ्यांनी इंधन वाचवणाऱ्या कुकरच्या रचनेवर २०१२ मध्ये शोधनिबंधांची मालिकाच प्रसिद्ध केली असून तिच्यात शिजण्याचा वेग आणि शिजलेल्या अन्नाची प्रत यांचाही अभ्यास आहे. चुलीवरचा भात उतरवून वैलावर वाफेला ठेवणाऱ्या घरांना तर हे नव्याने शिकवण्याची गरजच नव्हती.

कुकरच्या शिट्ट्या मोजून अन्न किती शिजले ते कळते, असेही मानले जाते. शिट्टी म्हणजे ठरलेल्या दाबापलीकडची वाफ बाहेर पडणे. पूर्ण दाब आल्यावर आच बारीक केली तर शिट्टीविनाही तेवढेच शिजते, आणि पेट्रोलियम संवर्धन संशोधन संघ अनेक वर्षे हेच सांगत आला आहे. कुकर आणि पेटी यांच्यात निवड करण्याचेही कारण नाही. गॅस बंद करून कुकरच पेटीत ठेवता येतो.

उत्साही समर्थकांचे गैरसमज अधिक घातक आहेत, आणि त्यांच्याविषयी सौम्य राहता येत नाही. ‘एक उकळी आणा, वाटेल ते पेटीत टाका’ हा सल्ला राजम्याच्या बाबतीत विषबाधेला निमंत्रण आहे. राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचे प्रथिन असते, ज्याने तीव्र उलट्या-जुलाब होतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या मार्गदर्शनानुसार राजमा किमान पाच तास भिजवून, ते पाणी टाकून, ताज्या पाण्यात ३० मिनिटे उकळावा, आणि ८० अंशांवर अर्धवट शिजलेला राजमा कच्च्यापेक्षाही अधिक विषारी ठरू शकतो. राजमा पेटीत जाण्याआधी ही उकळी गॅसवरच पूर्ण झाली पाहिजे.

दुसरी चूक रात्रभर ठेवण्याची. जागतिक आरोग्य संघटना शिजलेले अन्न ६० अंशांच्या वर ठेवायला सांगते, कारण त्याखाली उकळीतही तग धरणारे बॅसिलस सेरियस आणि क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स या जिवाणूंचे बीजाणू रुजून वाढू लागतात. पहिल्याचा धोका भातात, दुसऱ्याचा मटणात विशेष. रात्री दहाला ठेवलेले भांडे सकाळी सहाला बहुधा ६० अंशांखाली गेलेले असते, आणि ते हाताला गरम लागते एवढ्यावरून ते सुरक्षित ठरत नाही. तीन-चार तासांत पेटी उघडावी, तापमापी लावावी, आणि अन्न ६० अंशांच्या जवळ आले असेल तर लगेच जेवावे किंवा पुन्हा उकळावे.

पेटीत जीवनसत्त्वे नष्ट होतात हे सरसकट खरे नाही; क जीवनसत्त्व कमी होते, म्हणून पालेभाजी पेटीत ठेवू नये. सिलिंडर दुप्पट दिवस पुरतो हेही खरे नाही, कारण चहा, फोडणी, पोळ्या आणि भाकरी यांचा गॅस पेटी वाचवू शकत नाही. झाकण मधूनमधून उघडून पाहण्याने काही बिघडत नाही, हे चूक.

जाड पत्र्याची पेटी उत्तम, ही कल्पना लोखंड-पोलाद बाजारासाठी ओळखल्या जाणाऱ्या कळंबोलीत सहज सुचेल, पण पोलाद उष्णता स्थिर हवेच्या सुमारे दोन हजार पट वेगाने वाहून नेते. उष्णता अडवते ती पेंढ्यात, कापसात आणि थर्मोकोलात अडकून पडलेली हवा, पत्रा नव्हे. म्हणूनच पावसाळ्यात पेटीकडे विशेष लक्ष द्यावे लागते. पाणी हवेपेक्षा वीस पटींहून अधिक वेगाने उष्णता नेते, आणि भांड्याच्या वाफेने वा खाडीकाठच्या दमट हवेने ओली झालेली गोधडी उन्हाळ्यातल्या गोधडीइतकी ऊब धरत नाही. ती काढून वाळवावी, आणि भांड्याभोवती प्लास्टिकचा कागद गुंडाळावा. भांडे किमान तीन-चतुर्थांश भरलेले असावे. दोन माणसांपुरती वाटीभर डाळ मोठ्या पातेल्यात ठेवली, तर तिच्यात साठलेली उष्णता थोडी आणि ती निसटायला पृष्ठभाग मोठा, म्हणून ती खरोखरच कच्ची राहते. अशा घरांनी भांडे लहान घ्यावे, किंवा डाळीच्या डब्याखाली उकळते पाणी भरलेले दुसरे भांडे ठेवावे.